ओळखा पाहू, कितीला?

आमच्या घरात नवीन कपडा आला की घडी मोडायच्या आधी त्याचा भाव फुटतो. घेणारी बाई पिशवीतून कपडा काढते, मांडीवर ठेवते, त्यावरून एकदा हात फिरवते आणि समोरच्यांना विचारते, ‘‘ओळखा पाहू, कितीला?’’

या खेळाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण परळपासून पुण्यापर्यंत ते सगळ्यांना पाठ आहेत. ओळखणाऱ्याने मनातल्या किमतीपेक्षा थोडी चढीच किंमत सांगायची. फार चढी सांगितली तर चेष्टा वाटते, उतरती सांगितली तर जन्माचं वैर. ‘‘बाराशेच्या आत नसेल बाई,’’ असं कुणी म्हटलं की घेणारीने क्षणभर थांबायचं, सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायचं आणि हळूच म्हणायचं, ‘‘साडेचारशे.’’ मग सगळ्यांनी ‘‘काय सांगतेस!’’ म्हणत तो कपडा हातोहात फिरवायचा. माझ्या नवऱ्याने एका दिवाळीत वन्संच्या तुळशीबागेतल्या कुर्त्याची किंमत बरोब्बर ओळखली. त्या भाऊबीजेला त्याच्या ताटात करंजी आली नाही.

या खेळातली आमची विश्वविजेती म्हणजे माझी आई. वय त्र्याहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा. ती कपड्याच्या सुलट बाजूकडे बघतच नाही. आधी काठ उलटते. शिवण किती दाबाची आहे, माया किती सोडली आहे, टाके हाताचे की मशीनचे, हे अंगठ्याने तपासते आणि मग तोंड उघडते. पैठणी समोर आली तर पदराची मागची बाजू. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही पुढच्यासारखाच नेटका दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील तर तो मोर यंत्रावर जन्मलेला. एका लग्नात नवरीच्या आईने मोठ्या कौतुकाने दाखवलेला पदर आईने उलटला, ‘‘छान आहे हो,’’ म्हणाली आणि पुन्हा नीट घडीवर ठेवला. ‘छान आहे हो’ मधल्या त्या ‘हो’चा अर्थ घरी येईपर्यंत मलाही कळला नव्हता.

अशा घरात माझी लेक एके दिवशी म्हणाली, ‘‘आई, शनिवारी ड्रॉप आहे.’’

‘‘शनिवारी नाही, रोज आहे,’’ मी म्हटलं. ‘‘दिवसातून चार वेळा, आजीच्या उजव्या डोळ्यात.’’

मग तिने मला समजावून सांगितलं. एक फार मोठा डिझायनर. त्याचं साधं जॅकेट घ्यायचं तर आपण घराचे हप्ते थांबवायला हवेत. हा मोठा माणूस वर्षातून एकदा मॉलमधल्या एखाद्या नेहमीच्या साखळी दुकानासाठी थोडेसे कपडे काढतो, आपल्यासारख्यांना पोटाला चिमटा काढून परवडतील अशा किमतीत. माल मोजका असतो. संपला की संपला. तो ज्या दिवशी दुकानात येतो, तो दिवस म्हणजे ड्रॉप.

मी चौकशी केली तेव्हा कळलं, की हे खूळ तसं जुनं आहे आणि त्याचा पहिला बळी फार मोठा होता. हॅल्स्टन. जॅकी केनेडींनी १९६१ च्या शपथविधीला घातलेली ती डबीसारखी टोपी याचीच. न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन या बड्या दुकानात टोप्या करत त्याने नाव काढलं. १९८३ मध्ये त्याने जेसी पेनी या सर्वसामान्यांच्या दुकानासाठी स्वस्त कपडे केले आणि त्याच बर्गडॉर्फ गुडमनने त्याचा माल आपल्या दुकानातून काढून टाकला. जातीबाहेर रोटी खाल्ली म्हणून वाळीत टाकावं, तसं. पुढे एकवीस वर्षांनी, २००४ च्या नोव्हेंबरमध्ये, शनेलचा कार्ल लागरफेल्ड एच अँड एमच्या पंक्तीला जाऊन बसला. तेव्हा मात्र कुणी वाळीत टाकलं नाही. लोकांनी दुकानाबाहेर रांगा लावल्या आणि काही ठिकाणी काही तासांत फळ्या रिकाम्या केल्या. मग रीघच लागली. २००५ ला स्टेला मॅकार्टनी, २०११ ला व्हर्साचे, २०१५ ला बालमँ. अमेरिकेत टार्गेटने २०११ मध्ये मिसोनीचे कपडे काढले, त्या दिवशी त्यांची वेबसाइटच बसली. मिसोनीची ती प्रसिद्ध रंगीबेरंगी नागमोडी वीण लेकीने आजीला फोटोत दाखवली. आई म्हणाली, ‘‘उरलेल्या लोकरीचं केलंय. मीही तुझ्या आईला असा स्वेटर केला होता, ती पाचवीत असताना. रडली होती घालताना.’’

आपल्याकडे खरी धमाल उडाली ती १२ ऑगस्ट २०२१ ला, सब्यसाची आणि एच अँड एमच्या वेळी. तोपर्यंत सब्यसाची म्हणजे आमच्यासाठी नटनट्यांच्या लग्नाच्या फोटोंखाली वाचायचं नाव. त्याची साडी ९,९९९ रुपयांना! देशभरातल्या मुली मोबाइल, लॅपटॉप, भावाचा मोबाइल असं सगळं मांडून बसल्या आणि काही मिनिटांत माल संपला. पाठोपाठ हस्तकलेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी सब्यसाचीला खुलं पत्र लिहिलं. सूर असा, की नक्षी आमच्या छिप्यांच्या परंपरेतली आणि कपडे मात्र कारखान्यातले, मग यात कारागिराच्या हाती काय आलं? भारतीय डिझाइन जगाच्या नकाशावर न्यायचं तर हाही रस्ता आहे, असं सब्यसाचीचं म्हणणं. घरात दोन्ही बाजूंनी वाद झाला. आईने शांतपणे लेकीचा मोबाइल मागितला, साडीच्या फोटोवर बोट टेकवलं आणि म्हणाली, ‘‘मागची बाजू दाखव.’’

लेकीने मोबाइल उलटा केला. मागे फक्त कव्हर होतं.

आमचा खेळ उलटा चाललेला मी एकदाच पाहिला आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडाचे मॉडेल्स आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला घालून चालले. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेल्या चपलेचं मूळ कुठलं, याचा सुरुवातीला उल्लेखसुद्धा नव्हता, म्हणून गदारोळ झाला. मग कंपनीने मूळ मान्य केलं आणि वर्ष संपता संपता, इथल्याच कारागिरांकडून दोन हजार जोड करून घेऊन जगभर विकू, असं जाहीर केलं. लेकीने आजीला विचारलं, ‘‘ओळख, कितीला?’’ आई नियमाला धरून थोडं चढंच बोलली, ‘‘हजार.’’ उत्तर होतं सुमारे ८०० युरो. युरोचे रुपये सांगितल्यावर आईने पायातली चप्पल काढून कपाटावर ठेवली.

तर तो शनिवार. दुकान उघडणार अकराला, आम्ही पावणेनऊला लोअर परळच्या मॉलपाशी हजर. कुठलं दुकान आणि कुठला डिझायनर ते सांगत नाही. त्या दोघांचा काही दोष नाही, मी माझ्या पायांनी गेले होते.

या भागात मी लहानाची मोठी झाले. माझे बाबा इथल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. तेव्हा भोंगा झाला की आत जाण्यासाठी माणसं पळायची. आता शटर वर गेलं की पळतात. गिरणीच्या कापडाच्या काठावर गिरणीचं नाव छापलेलं असायचं. बाबांचं त्या नावावर भारी प्रेम. शिंप्याने कापताना ते नाव गेलं तर हळहळायचे. आई म्हणायची, ‘‘नाव काय अंगावर मिरवायचंय?’’ १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो संपल्याचं कुणी आम्हाला अजून सांगितलेलं नाही. पुढे त्याच आवारांमध्ये मॉल उभे राहिले. फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलला तर हाय स्ट्रीट फिनिक्स असंच नाव मिळालं. जुनं धुराडं तेवढं उभं आहे. तिथे कापड होत होतं, आता तिथे कापड येतं. बाबांच्या संपात आईने साड्यांना फॉल लावायला सुरुवात केली. फॉलची कडा आतून अशी टिपायची की वरून टाका दिसता कामा नये. चाळीतल्या, मग गल्लीतल्या, मग हिंदमाताच्या एका दुकानातल्या साड्या. माझं बी.कॉम. त्या न दिसणाऱ्या टाक्यांवर झालं.

रांगेत आमच्या पुढे साठेक जण. एका रखवालदाराने येऊन सगळ्यांच्या मनगटाला कागदी पट्टे बांधले. गुलाबी पट्टेवाल्यांना आत पंधरा मिनिटं आणि कपड्यांना हात लावता येणार. पिवळ्यांचं त्यांच्यानंतर बघू, तोवर काचेतून दर्शन. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. लालबागच्या राजाला नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते, त्यातलाच हा प्रकार. आम्ही नवसाच्या रांगेत होतो. माझ्या पुढचा मुलगा तर अनुभवी भक्त निघाला. ‘‘काकी, आत गेल्यावर साइझ बघू नका,’’ त्याने मला समजावलं. ‘‘जे हाताला लागेल ते उचला. बाहेर येऊन बदलाबदली करता येते.’’ तो स्वतःसाठी काहीच घेणार नव्हता. संध्याकाळी ते सगळं मोबाइलवर दुप्पट भावाने टाकणार होता.

आत काय झालं ते मला सलग आठवत नाही. माझी कपडे घेण्याची रीत अशी, की दादरच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसायचं, चाळीस साड्या उलगडायला लावायच्या, दुकानदाराने मागवलेला चहा प्यायचा, ‘‘यातच जरा डाळिंबी दाखवा’’ म्हणायचं आणि शेवटी ‘‘फिरून येतो’’ सांगून उठायचं. इथे फिरून येण्याची सोय नव्हती. एका बाईने पुतळ्याच्या अंगातलं जॅकेट काढायला घेतलं, दुसरीने त्याचा हात धरला, हात तिच्याच हातात आला. तो हात घेऊन ती बिचारी रखवालदाराला शोधत फिरत होती. लेक कुठूनतरी ओरडली, ‘‘आई, डावीकडचं काळं!’’ मी डावीकडचं काळं धरलं. त्याचं दुसरं टोक एका धिप्पाड मुलीच्या हातात होतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी लोकलच्या बायकांच्या डब्यात पंचवीस वर्षं काढली आहेत, तिने काढली नसावीत.

बाहेर येऊन पाहिलं तर जॅकेट होतं. किंमत ६,९९९ रुपये. लेकीला बसत नव्हतं, मला ढगळ होत होतं, म्हणजे ते माझंच ठरलं. शिवणी बाहेरच्या बाजूला होत्या. खालची कड दुमडलेलीच नव्हती, कात्रीने कापून तशीच सोडलेली, आणि तिचे दोरे लोंबत होते. एक खिसा शिवून बंद केलेला होता आणि जिथे खिसा नव्हता तिथे झाकण होतं. ‘‘डिकन्स्ट्रक्टेड आहे,’’ लेक म्हणाली. आमच्याकडे याला अर्धवट म्हणतात. पण मानेपाशी आत एक लेबल होतं. काळ्या सॅटिनची इवलीशी पट्टी, त्यावर पांढऱ्या अक्षरात डिझायनरचं नाव, मग एक फुली, मग दुकानाचं नाव. ती फुली म्हणजे गुणिले. मला गणित चुकल्यासारखं वाटलं. डिझायनरची किंमत भागिले वीस, असं काहीतरी असायला हवं होतं.

परतताना, लोकल घाटकोपरच्या पुढे गेल्यावर, माझ्या पोटात पहिला गोळा आला. आता हे घरी दाखवायचं कसं?

म्हणजे बघा. मी जॅकेट मांडीवर घेऊन विचारलं, ‘‘ओळखा पाहू, कितीला?’’ तर आमच्या नातलगांत कितीही मन मोठं केलं तरी दीड हजाराच्या वर कुणी जाणार नाही. मग मी ६,९९९ सांगायचे? सुतकच पडेल. खेळ जिंकायचा तर आधी सांगायला हवं, की याच माणसाचं खरं जॅकेट लाखाच्या पुढे जातं. त्यासाठी हा माणूस कोण, ते सांगायला हवं. ते सांगितलं, की वन्सं विचारणार, ‘‘मग याने तुला एवढं स्वस्त का दिलं? डिफेक्ट आहे का?’’ स्वस्त मिळालं म्हणून मिरवावं तर डिझायनर जातो आणि डिझायनर म्हणून मिरवावं तर स्वस्त जातं. माझ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात किंमत सांगताही येत नाही आणि लपवताही येत नाही, असा कपडा मी पहिल्यांदाच घेतला होता.

राहता राहिलं लेबल. ते कुणाला सहज दिसलं तर न सांगता काम होईल, असं मला वाटलं. सोमवारी बँकेत मी ते जॅकेट घालून गेले आणि मानेपाशी पट्टी बेताची बाहेर काढून ठेवली. पहिल्या पंधरा मिनिटांत शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण मागून आली. ‘‘लेबल बाहेर आलंय गं,’’ म्हणत तिने मायेने ते आत सारलं. जेवणाच्या सुट्टीत दुसरीने सारलं. साडेपाचला जिन्यात एका अनोळखी ग्राहक बाईंनी, ‘‘एक मिनिट हं,’’ म्हणून सारलं. बायका एकमेकींची लेबलं किती तत्परतेने झाकतात, हे मला त्या दिवशी कळलं. वाचलं कुणीच नाही. तेव्हा मी जॅकेट खुर्चीच्या पाठीवर उलटं टाकून पाहिलं. शिपायाने ते सुलट करून दिलं. पण शिवणी बाहेर दिसल्यावर आपणच चुकलो असं वाटून पुन्हा उलटं केलं. जाताना म्हणाला, ‘‘मॅडम, हे दोन्हीकडून उलटंच आहे.’’

त्या आठवड्यात मी दोन दिवस बँकेच्या कामाने नाशिकला गेले. परत आले तर जॅकेट माझ्या पलंगावर, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं.

मी घडी उलगडली. लोंबणारे सगळे दोरे गेले होते. खालची कापलेली कड दोनदा दुमडून तुरपली होती. बाह्यांची तोंडंही. एकूण परीघ मोजला तर अडीच-तीन मीटरची तुरपाई, एका डोळ्याने केलेली. मी चष्मा लावून पाहिलं, वरून एक टाका दिसेल तर शपथ. शिवून बंद केलेला खिसा उसवून उघडला होता आणि त्यात एक रुमाल घालून ठेवला होता.

‘‘आई, हे काय केलंस?’’

‘‘अगं, घाईत दिलंय त्यांनी. शिवणी आत घ्यायच्या राहिल्यात, तेवढं मला झेपलं नाही. शिंप्याकडे टाक.’’

मी मान चाचपली. पट्टी नव्हती.

‘‘टोचत असणार ती,’’ आई म्हणाली. ‘‘तुला लहानपणापासून मानेला टोचलेलं चालत नाही. टाकली नाहीये, डब्यात आहे.’’

बिस्किटांच्या निळ्या डब्यात, सुट्या बटणांच्या, हुकांच्या आणि जुन्या फॉलच्या तुकड्यांमध्ये ती पट्टी पडली होती. डिझायनर, फुली, दुकान. शेजारी पांढऱ्या कापडाची बोटभर चिंधी होती, बाबांच्या गिरणीचं नाव असलेल्या काठाची. लेकीने डोक्याला हात लावला. जॅकेट होतं तसं राहिलं असतं तर रांगेतला तो मुलगा आता तिप्पट द्यायला तयार होता म्हणे.

पुढच्याच रविवारी वन्संकडे पुण्याला नातवाचं बारसं होतं. थंडी होती, मी जॅकेट घातलं. पट्टी नाही, दोरे नाहीत, आता त्यात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे फार हलकं वाटत होतं. कुर्रर्र झालं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, बायका सतरंजीवर टेकल्या. वन्संची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

‘‘नवीन दिसतंय. बघू.’’

त्यांनी जॅकेटची कड हातात घेतली. मग, माझ्या आईसमोर आपणही काही कमी नाही हे दाखवायला, ती उलटली. अंगठा फिरवला. थांबल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

‘‘हे हाताचं काम आहे.’’ आवाज खाली आला होता. ‘‘इथून तिथपर्यंत हाताचं. अशी तुरपाई आता करतं कोण? अगं, या बघा गं सगळ्या.’’

चार-पाच जणी सरकून आल्या. जॅकेट माझ्या अंगातच होतं, त्यामुळे त्यांच्याबरोबर मीही फिरले. कुणी म्हणालं आठ हजार. कुणी म्हणालं, बुटिकमधलं असेल तर दहा. वन्संनी सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि नियम मोडून म्हणाल्या, ‘‘पंधराच्या खाली ही शिलाई मिळणार नाही. बोल, कितीला?’’

मी तोंड उघडलं. माझ्याजवळ सांगण्यासारखा एक आकडा होता आणि मला तो सांगायचा नव्हता.

भिंतीला टेकून बसलेल्या आईने तोंडातल्या घुगऱ्या संपवल्या.

‘‘पंधरा रुपये,’’ ती म्हणाली. ‘‘काळं रीळ घरात नव्हतं, ते आणावं लागलं.’’